खोटी ड्राइव्ह

बसा. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, सुरू व्हायला वेळ घेणार. हल्ली सकाळी उठताना माझंही तसंच होतं. लाईट गेलीय, इन्व्हर्टरवर हा एक दिवा आणि टेबलावरचं हे एक मशीन एवढंच चालतं, त्यामुळे मला दुसरं काम नाही आणि तुम्हालाही लगेच निघता येणार नाही. तुमच्या सीडीची कॉपी करून देतो. पण मघाशी आत येताना तुम्ही म्हणालात ना, की कॉपी झाली की मूळ सीडी इथेच फेकून द्या, घरात अडगळ नको, ते माझ्याच्याने होणार नाही. सीडी तुमच्याबरोबर घरी जाईल. का, ते सांगतो. फक्त एक विनंती आहे. ऐकताना टेबलावर बोटं वाजवू नका. पुष्कळांना सवय असते.

मी अजिनाथ, मूळचा कर्जत तालुक्यातला. शिकायला म्हणून नगरला आलो आणि सावेडीत हे दुकान टाकून बसलो. तेव्हा पाटीवरचा 'कॉम्प्युटर' हा शब्द वाचून लोक चपला बाहेर काढून आत यायचे. आता स्कूटरवरून न उतरताच विचारतात, मोबाईलला काच लावून मिळेल का. बायको, ज्योती, रोज म्हणते की दुकान बंद करा आणि गुडघे सांभाळा. तिचं चुकत नाही. पण सुप्याच्या एमआयडीसीत अजून दोन-तीन कारखाने असे आहेत की त्यांची मशिनं माझ्याशिवाय सकाळी जागी होत नाहीत. त्यांच्यावरच आमचं घर चालतं.

सीडीचा जमाना तुम्हाला आठवत असेल. शब्दकोश बघायचा तर सीडी घाला, पोराला गेम खेळायचा तर सीडी घाला. आत घातलेली नसली की कॉम्प्युटर अडून बसायचा. ती आत घरघर फिरायची, तापायची, तिच्यावर ओरखडे पडायचे आणि एक दिवस मेली की सगळंच बंद. मग परदेशात कुणातरी डोकेबाज माणसाने युक्ती काढली. सीडीत जे आहे ते जसंच्या तसं एका फाइलीत उतरवून घ्यायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, तुला आणखी एक ड्राइव्ह आहे. नसतेच ती. पण कॉम्प्युटर भोळा, त्याला ती दिसते. घड्याळाशेजारी एक बारकं चिन्ह यायचं, त्यावर टिचकी मारली की सीडी 'आत', पुन्हा मारली की 'बाहेर'. ड्राइव्ह नाही, सीडी नाही, आणि तरी कॉम्प्युटर छातीठोकपणे म्हणतो की आहे. मी तिला खोटी ड्राइव्ह म्हणतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटर बाजारातून मी ते सॉफ्टवेअर आणलं तेव्हा नगरात फार कुणाला माहीत नव्हतं. पुढे नव्या कॉम्प्युटरांत ती सोय घरचीच झाली, मग कॉम्प्युटरला सीडीची खाचच राहिली नाही आणि लोक सगळंच विसरले. सुप्यातली ती मशिनं मात्र अजून रोज सकाळी विचारतात, सीडी आहे का? सीडी कधीच हरवली, ती बनवणारी कंपनी बुडाली. माझी खोटी ड्राइव्ह रोज सांगते, आहे. या एका थापेवर मी वीस वर्षं निभावून नेली.

तर गेल्या एप्रिलमधली गोष्ट. असंच सुप्याचं काम उरकून भर दुपारी परत येत होतो. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. शहरात शिरता शिरता फोन वाजला. स्टेलाबाईंचा होता. म्हणाल्या, आराधनाचा आवाज नीट येत नाही, जमलं तर बघून जा. मी गाडी तशीच त्यांच्याकडे वळवली. त्या घरी मी पंचवीस वर्षं जात होतो, आणि तिथे गेलं की चहा मिळतो हेही एक कारण होतं.

स्टेलाबाई आणि एडविनसर, दोघेही निवृत्त शिक्षक. बाई मराठी शिकवायच्या, सर चित्रकला, आणि देवळातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, गायकवर्गात हार्मोनियमवर सरच बसायचे. आराधना त्यांची एकुलती एक पोरगी, मी सांगतो त्या काळी एकोणीस वर्षांची. गळा असा की मी माळकरी घरातला, मला त्यांची गीतं कुठली येणार, पण ती गायला लागली की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचो. बावीसेक वर्षांपूर्वी एका नाताळात सरांनी स्टुडिओवाल्याला घरी बोलावून तिच्या गीतांची सीडी करून घेतली. पडद्यावर तिचे लहानपणापासूनचे फोटो आणि मागे तिचं गाणं. त्या काळच्या स्टुडिओवाल्यांची एक खोड होती. सीडी अशी बनवायची की ती आत असल्याशिवाय काही चालूच नये, म्हणजे दुसरी हवी तर गिऱ्हाईक पुन्हा दारात.

रेकॉर्डिंग चालू असतानाच मी तिथे पोहोचलो होतो. प्रिंटर बघायला बोलावलं होतं मला. आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता, मी आपली नेहमीसारखी टकटक केली. माझी टकटक ठरलेली आहे, दोन आणि मग थांबून एक. पहिलंच गीत होतं. आराधना मध्येच थांबली आणि म्हणाली, "दार उघडंच आहे, या ना." सर हसले. स्टुडिओवाला चिडला, एवढं कापून टाकतो म्हणाला, पण तिनेच ठेवायला लावलं. तेव्हापासून त्या घरातली ती थट्टाच होऊन गेली. मी टकटक केली की आतून कुणीतरी तेच म्हणणार, दार उघडंच आहे, या ना.

पुढच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली.

त्यानंतर सर रोज दिवेलागणीला, प्रार्थनेच्या आधी, ती सीडी लावायचे. वर्षभरात तिच्यावर इतके ओरखडे पडले की ती मध्येच अडायला लागली. मी अख्खी सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, खोटी ड्राइव्ह टाकून दिली आणि मूळ सीडी डबीत घालून कपाटात ठेवायला सांगितली. एक कॉपी दुकानातल्या मशीनवरही ठेवली. सरांना ते कधीच पटलं नाही. गाणं चालू असताना ते हळूच खऱ्या ड्राइव्हचं बटण दाबायचे, कप्पा बाहेर यायचा, रिकामा. "सीडी नाही आणि पोरगी गाते. हे काही खरं नाही, अजिनाथ," असं म्हणायचे आणि कप्पा परत आत ढकलायचे.

सर गेले ते गेल्या एप्रिलच्या आधीच्या जुलैत. त्यांच्या दफनभूमीत जागा कमी, त्यामुळे बरीच वर्षं झाली असतील तर घरातल्यांचीच कबर पुन्हा उघडतात. सरांना आराधनाच्याच कबरीत ठेवलं. मी खांदा द्यायला होतो. शवपेटी बंद करायच्या आधी बाईंनी सरांच्या हाताखाली त्यांचं बायबल ठेवलं आणि त्याच्या वर सीडीची डबी. कुणीतरी म्हणालं, बाई, ही राहू द्या ना घरी. बाई म्हणाल्या, "खरी त्यांना, खोटी मला." आणि माझ्याकडे बघून विचारलं, चालेल ना? मी मान हलवली. चालणारच होतं. दोन्हीत फरक नसतो, हेच तर मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

त्या एप्रिलच्या दुपारी मी दार वाजवलं. आतून बाई म्हणाल्या, दार उघडंच आहे. मी त्यांच्या रीतीप्रमाणे सलाम करून आत गेलो. पडदे ओढलेले, कूलरचा घरघराट, आणि त्या अंधारात कॉम्प्युटरचा निळसर उजेड. बाईंनी गाणं लावलं. सुरुवातीची गीतं स्वच्छ. शेवटचं गीत मात्र तोंडावर उशी धरून गावं तसं, आणि मग नुसती खरखर. फोटो येत होते, जात होते, आवाज नव्हता. मी स्पीकर बदलून बघितले, डिस्क तपासली. सगळं ठणठणीत होतं. कॅबिनेट उघडलं तेव्हा आतून वास आला, खणलेल्या ओल्या मातीचा. एप्रिलमध्ये, नगरात, ओली माती. कूलरच्या पाण्याचा असेल असं मी मनाशी म्हटलं.

बाईंना म्हणालो की काळजी करू नका, दुकानात कॉपी आहे. तो धीर मी खरोखर मनापासून दिला होता. दुकानात येऊन ती कॉपी लावली. तेच गीत, त्याच ओळीला गुदमरलं.

आता हे तुम्हाला नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की फाइल खराब झाली असेल. फाइलीतला एक ठिपकासुद्धा बदललाय का, हे तपासायची सोय असते. एक लांबलचक आकडा निघतो, तो जुना आणि नवा जुळला की फाइल जशीच्या तशी. मी पुन्हा पुन्हा जुळवून बघितला. जुळत होता. फाइलीला काहीही झालेलं नव्हतं, फक्त तिच्यातला आवाज जात होता. बाईंच्या घरी जाऊन उरलेली गीतं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतली. तीन-चार दिवसांनी बाईंकडचं आणखी एक गीत गेलं, आणि मोबाईलमधलंही.

गीतं शेवटापासून पुढे पुढे येत जात होती. त्याचा अर्थ मला पहिल्या आठवड्यातच कळला होता, पण मी तो कळू देत नव्हतो. सीडी आतून बाहेर लिहितात, मधल्या भोकापाशी पहिलं गीत, कडेला शेवटचं. आणि ओल धरते ती कडेने. जमिनीत पुरलेल्या सीडीची शेवटची गीतं आधी जाणार, हे बरोबर आहे. पण माझ्या फाइलीला कड कुठली आली?

मी बाईंना काही बोललो नाही. त्यांनीच एके दुपारी चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना विषय काढला. म्हणाल्या, मी चर्चच्या पाळकसाहेबांना भेटून आले. कबर उघडून ती सीडी काढून घेता येईल का, असं विचारलं. ते चांगले आहेत, नाही म्हणाले, पण त्यांनी माझ्याबरोबर प्रार्थना केली. वय झालेल्या माणसाला रडायलाही ताकद लागते, ती त्यांच्यात नव्हती. मग म्हणाल्या, "सर गेल्याचं मी सोसलं रे. पण तिचा आवाज मी दुसऱ्यांदा कसा पुरू?"

निदान कबरीत पाणी मुरतंय का ते बघून ये, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दफनभूमीत गेलो. तिथला राखणदार गोरक्ष आमच्याच कर्जतकडचा, म्हणून माझ्याशी मोकळा. लिंबाच्या सावलीत तंबाखू मळत बसला होता. भुतं रात्री निघतात असं म्हणणाऱ्यांनी नगरची उन्हाळी दुपार बघितलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं, झाडावर पान हलत नाही. मी त्याला पाण्याचं विचारलं.

"उन्हाळ्यात कुठलं पानी ओ," तो म्हणाला. मग मळलेली तंबाखू तशीच हातात धरून थांबला. "पर तुमी त्याच कबरीचं इचारलं म्हून सांगतो. हितं दुपारच्याला… पोरगी गाती."

"कोण पोरगी?"

"दिसत न्हाई कुनी. आधी वाटलं, कंपाउंडाच्या पल्याड कुनाचा मोबाईल असंल. लई गोड गळा हाय. रोज येकच गानं म्हनायची. कालपास्नं अजून येक म्हनाया लागलीय."

मी विचारलं, कसं आहे गाणं. त्याने लाजत लाजत चाल गुणगुणून दाखवली. आदल्या दिवशी बाईंच्या कॉम्प्युटरमधून जे गीत गेलं होतं, तीच चाल होती. मी गाडीला किक मारायचं विसरून ती ढकलत रस्त्यापर्यंत आलो.

बाईंना ते सांगितलं, लपवलं नाही. मला वाटलं होतं त्या घाबरतील. त्यांच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी आलं. "तिचं होतं, तिने घेतलं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं आपण उसनं वापरलं." आणि मग हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "पण मला न विचारता…"

मे महिना उजाडेपर्यंत सगळी गीतं गेली. उरलं ते पहिल्या गीताच्या सुरुवातीचं तेवढं. एक-दोन सूर, ते थांबतात, मग दोन टकटक, जरा थांबून एक, आणि तिचं वाक्य. त्यापुढे खरखर. बाई तेवढंच ऐकत बसायच्या. मी दर दोन-तीन दिवसांनी जायचो. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, तरी जायचो.

एकदा गेलो तर बाई कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसलेल्या होत्या. अंगावर देवळात जायची पांढरी साडी, मांडीवर पर्स, पायात सॅंडल. त्या घरात मी कधी कुणाला पायात चपला घालून वावरताना बघितलं नव्हतं. दवाखान्यात नंबर कधी येतो याची वाट बघत बसतात तशा बसल्या होत्या. मी विचारलं, कुठे निघालात?

"बोलावतेय ना ती," बाई म्हणाल्या. "मी रोज तयार होऊन बसते. पण जाणं काही होत नाही." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आज लक्षात आलं अजिनाथ, माझं कसं होणार? ती टकटक तुझी आहे. ती तुला बोलावते."

कूलर चालू होता, तरी मला दरदरून घाम फुटला. इतकी वर्षं ते वाक्य मी थट्टेत ऐकत आलो होतो. ते माझ्यासाठी म्हटलेलं आहे ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आणि खरं सांगू का, त्या क्षणी भीतीच्या आधी मनात दुसरंच आलं. सुप्याच्या उन्हातून आलेलो, गुडघे ठणकत होते, आणि कुणीतरी इतक्या गोड आवाजात आत बोलावतंय. दमलेल्या माणसाला त्या वाक्यात फार ओढ असते. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

"बाई, मी हे काढून टाकतो," मी म्हणालो. "ती ड्राइव्ह, ती फाइल, सगळंच."

"काढ," त्या म्हणाल्या. "पण मग माझ्याकडे काय राहील ते सांग, आणि काढ."

हात माउसवर होता, टिचकी मारायचाच अवकाश होता. पण एका आईजवळ तिच्या लेकीचं एवढंच एक वाक्य उरलंय, ते पुसायचं कोणत्या तोंडाने? मी हात मागे घेतला. बाईंनी माझ्या दंडावर थोपटलं. मग पुढे वाकून त्यांनी उजव्या हाताच्या बोटांनी टेबल वाजवलं. हळू, सावकाश, तीनदा. बोटात लग्नाची अंगठी होती, तिचा बारीक आवाज प्रत्येक टकटकीबरोबर आला.

काही झालं नाही. कूलर फिरत राहिला.

"होईल," बाई म्हणाल्या. "शाळेत घातलेली मुलं एक दिवस वाचायला लागतात. तू जा आता, ज्योती वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सावेडीतली लाईट सकाळपासून गेलेली होती, आजच्यासारखीच. दुकानात मी एकटा, इन्व्हर्टरवर माझं दुकानातलं मशीन चालू. माझ्याकडच्या कॉपीत काय उरलंय ते बघावं म्हणून मी ती लावली. पडद्यावर काळं. मी माझ्या टकटकीची वाट बघत होतो. दोन आणि मग एक. ती आली नाही. त्याऐवजी हळू, सावकाश, तीन टकटक आल्या. प्रत्येकीबरोबर अंगठीचा बारीक आवाज.

आणि मग आराधना म्हणाली, "आई… किती वेळ लावलास गं."

मागे सर हसले. एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बस, एवढंच.

मी दुकान उघडं टाकून निघालो. बाईंचं दार खरोखरच उघडं होतं, उंबऱ्यात ऊन पडलं होतं. बाई खुर्चीत होत्या, पायात सॅंडल, मांडीवर पर्स, उजवा हात टेबलावर, बोटं जराशी मुडपलेली. डॉक्टर म्हणाले की झोपेत जावं तसं गेल्या, त्रास झाला नसणार. मला ते पटलं, चेहरा तसाच होता. तिथेही लाईट नसल्याने कॉम्प्युटर बंद होता. मी सहज कॅबिनेटला हात लावला. ते गरम होतं. आणि खऱ्या ड्राइव्हचा कप्पा बाहेर आलेला होता, रिकामा.

बाईंना सरांच्या शेजारी जागा मिळाली. सगळे पांगल्यावर गोरक्ष माझ्याजवळ आला. म्हणाला, "आता गानं बंद झालं ओ. तिघं बसून बोलत्यात. काय त्ये उमगत न्हाई, पर घरच्यासारखं बोलत्यात." मला तेव्हा रडू आलं. वाईट वाटलं म्हणून नव्हे. तिघांचं जमलं होतं, आणि बाहेर मी एकटाच राहिलो होतो, म्हणून.

त्याच संध्याकाळी मी दुकानातली ती फाइल काढून टाकली, खोटी ड्राइव्हही काढली, मोबाईल पुसून टाकला. चार-पाच दिवस बरे गेले. मग एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये मला ती ड्राइव्ह दिसली. मी टाकली नव्हती. आत सीडी आहे असं तो कॉम्प्युटर सांगत होता. मी ती लावून ऐकली. ऐकायला नको होतं, पण तुम्ही असता तर तुम्हीही ऐकलं असतं. आता त्यात टकटक नाही. सुरुवातीला शांतता आहे, कुणीतरी वाट बघत असावं तेवढी, आणि मग तिचं वाक्य, दार उघडंच आहे, या ना. नंतर तिघांचं बोलणं अगदी हळू, शेजारच्या खोलीतून येतं तसं. तेव्हापासून ती आणखी गिऱ्हाइकांच्या मशिनांतही दिसते, आणि मी दरवेळी शेवटपर्यंत ऐकतो, ते दार लावून घेतल्याचा आवाज येतो का म्हणून. बाई आत गेल्या, आता दार लावायला काय हरकत आहे? अजून तरी आलेला नाही.

म्हणून मी कुणाची मूळ सीडी फेकत नाही, आणि कुणाची पुरूही देत नाही. आणि म्हणून मी टेबलावर बोटं टेकवत नाही. बसलो की हे असे दोन्ही हात खिशात. काम करताना बाहेर काढावे लागतात, तेवढेच.

हं, झाला बघा तुमचा कॉम्प्युटर सुरू. ही तुमची ड्राइव्ह, हिच्यात तुमची सीडी. आणि ही तिच्या खाली दुसरी… नाही, सीडी घालून चालू करण्यापलीकडे मी तुमच्या मशीनला अजून हात लावलेला नाही. तुमच्यासमोरच तर बसलोय. आत काय आहे ते उघडू नका. राहू द्या.

अहो, बोटं वाजवू नका म्हटलं होतं ना मी सुरुवातीलाच.

तुम्ही नाही वाजवलीत?

दोन. आणि थांबून एक. हे बघा, माझे तर दोन्ही हात खिशात आहेत.